तुमच्या शोकसभेतला साउंड

तुम्ही गेल्याचा सहावा दिवस, रविवार, सकाळी साडेदहा. ठिकाण: भोसरीतली तुमची शेड. हजर: तुमचा मुलगा संतोष, तुमच्याकडे काम करणाऱ्या नसीम आणि वंदना, आणि मी. विषय: तेराव्याला दुपारी तुमची शोकसभा. ठरलेला खर्च: चौदा हजार दोनशे रुपये.

आक्का, मी असं लिहायला लागलो की तुम्ही हसायचात. "ओ वहीवाले, आधी पानी तरी प्या. मग लिवा." आता हसायला तुम्ही नाही, तेव्हा सगळं लिहितो.

संतोषने खिशातून चिठ्ठी काढून वाचली. फ्लेक्स दोन, दोन हजार आठशे. मांडव आणि खुर्च्या, तीन हजार सहाशे. चहापाणी, दोन हजार दोनशे. फोटो आणि हार, अकराशे. साउंड, चार हजार पाचशे. एकूण चौदा हजार. मी चिठ्ठी हातात घेतली आणि म्हणालो, "संतोष, दोनशे कमी धरलेत. चौदा हजार दोनशे होतात." तो म्हणाला, "काका, तुम्ही असताना आईला वेगळा सीए कशाला लागला असता?" सगळे थोडं हसले. मीही हसलो. चिठ्ठी परत दिली आणि घरी आलो.

मी बेरीज तपासली. ओळ वाचली नाही.

ज्या बाईने सहा वर्षं त्या शेडमधला एकेक आवाज शोधून बाहेर काढला, तिच्या शोकसभेला साउंड. माझ्या मुलीसाठी काढला होता तो आवाज. आणि मी, तिचा बाप, चाकणच्या कंपनीत सत्तावीस वर्षं क्वालिटीत काम करणारा, ज्याला लिहिलेल्यातलं चुकीचं शोधायचाच पगार मिळतो, तो दोनशे रुपये शोधून खूश होऊन घरी आला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "कागदाकडं बगतोय, कागदात काय हाय ते न्हाई बगत." म्हणालाच होतात एकदा.

राग खूप लोकांवर आहे. पण पहिला तुमच्यावर आहे, तो आधी काढतो.

मी तुम्हाला निदान चार वेळा सांगितलं होतं की लिहून ठेवा. ऋतूला काय चालतं, काय चालत नाही, कशानंतर किती वेळ लागतो, ते सगळं. तुमच्या डोक्यात आहे, नसीमच्या डोक्यात थोडं आहे, पण उद्या तुम्ही आजारी पडलात तर? शेवटचं सांगितलं ते गेल्या खंडेनवमीला, मशिनची पूजा झाल्यावर. तुम्ही पेढ्याचा तुकडा हातात ठेवलात आणि म्हणालात, "कागुद केला की त्येचा नियम व्हतो. नियम झाला की मान्सं त्येच्यात पळवाट हुडिकत्यात. आमची नऊ एकर कागदावरच गेली न्हवं?" मी म्हणालो, "आक्का, तुमची जमीन आणि माझ्या मुलीची काळजी, दोन्हींचा काय संबंध?" तुम्ही म्हणालात, "तुमाला न्हाई कळायचा."

तो वाद तिथेच राहिला. पुढच्या वेळी बघू, असं मला वाटलं. तुम्हालाही वाटलं असणार. पुढची वेळ आली नाही आणि कागदही झाला नाही. आक्का, कुणी असं जातं का?

पहिला दिवस आठवतो. ऋतुजा एकवीस वर्षांची होती. तिला ऑटिझम आहे हे सांगायला मी फाइल घेऊन आलो होतो. चाचण्यांचे कागद, तीन डॉक्टरांची मतं, वर मी स्वतः टाइप केलेली आठ पानं. त्याआधी दोन ठिकाणी तिला कामावर ठेवून घेतलं होतं आणि दोन्ही ठिकाणांहून दहा दिवसांच्या आत फोन आला होता, येऊन घेऊन जा म्हणून. तुम्ही फाइल उघडलीसुद्धा नाही. तिच्याकडे बघत राहिलात. ती दारात उभी होती, दोन्ही हात कानांवर. शेडमध्ये रेडिओ चालू होता, छताला पंखा करकरत होता, आणि शेजारच्या वर्कशॉपमधला प्रेस धाडधाड पडत होता.

मी सांगायला लागलो, "हिला लहानपणापासून…"

"तिला काय झालंय ते ऱ्हाऊ द्या," तुम्ही म्हणालात. "तिला काय टोचतंय ते सांगा."

आठ पानांत ते नव्हतं, आक्का. मी आठ पानं लिहिली होती आणि त्यात ते नव्हतं.

तुम्ही रेडिओ बंद करायला लावलात. मग पंखा. वंदना म्हणाली, "आक्का, उकडतंय की." तुम्ही म्हणालात, "धा मिंटं उकडू दे, मरत न्हाईस." ऋतूने एक कान सोडला. तुम्ही तिच्या त्या कानाकडे बोट दाखवून मला म्हणालात, "बगा, अर्धं काम झालं."

मग आठवडाभर तुम्ही तेच केलंत. एक एक गोष्ट बंद करून बघायची, एक एक हलवून बघायची. कोपऱ्यातली फडफडणारी ट्यूबलाइट काढली. कॉम्प्रेसर शेडच्या मागे नेला. जेवणाच्या सुट्टीची घंटा काढून पिवळा दिवा लावला, तो पाच मिनिटं आधी लागायचा, म्हणजे हातातलं काम एकदम तुटत नसे. तिला काम होतं रबराच्या रिंगा तपासून पिशवीत भरायचं. तिच्या हातून गेलेल्या पिशवीत एकही खराब रिंग सापडली नाही, हे मी माझ्या मुलीचं कौतुक म्हणून लिहीत नाही. मी क्वालिटीतला माणूस आहे, मी स्वतः तपासल्या आहेत.

आणि माझी वही. ती तुम्ही वंदनाकडून वाचून घेतलीत, तो दिवस मी विसरणार नाही.

ऋतू चौदा वर्षांची असल्यापासून मी नोंदी ठेवत होतो. तिला सगळं असह्य झालं की ती जमिनीवर बसायची, डोकं आपटायची, ओरडायची. आम्ही घरात त्याला म्हणायचो, "ऋतू भरली." तारीख, वेळ, किती मिनिटं, किती मोठ्याने, काय फुटलं. सात वर्षांत एकशे त्रेचाळीस नोंदी. शेवटचा रकाना होता कारणाचा. एकसष्ट नोंदींपुढे मी लिहिलं होतं: विनाकारण.

वंदना वाचत होती, तुम्ही रिंगा निवडत ऐकत होतात. मध्येच म्हणालात, "थांब गं. विनाकारण म्हनलं की वार कोनता, ते वाच."

शनिवार. शनिवार. बुधवार. शनिवार. मोजले तर एकसष्टांपैकी अडतीस शनिवार निघाले, सगळे दुपारचे.

"शनवारी सकाळी काय करता हो तुमी?"

"मंडईत नेतो तिला," मी म्हणालो. "गर्दीची सवय व्हावी म्हणून. डॉक्टरांनीच सांगितलं होतं. आणि मंडईत ती उत्तम वागते, आक्का. एकदाही त्रास दिला नाही."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही, ते मला जास्त लागलं. "दोन तास पोरगी दात आवळून तुमच्यासंगं फिरती," तुम्ही म्हणालात. "तुमी म्हनता शानी झाली. मंग घरी येऊन फुटती, तवा तुमी लिवता विनाकारण. सकाळपासनं भरतंय त्ये दुपारच्याला सांडतंय. सांडल्यालं तेवढं तुमी मोजलं."

आमच्या कंपनीत एखादा तुकडा नापास झाला तर आम्ही पाच वेळा 'का' विचारतो. का तुटला, तो भाग का कमजोर होता, तो का तसा ओतला गेला, असं मागे मागे जात मूळ सापडेपर्यंत. तसा फॉर्मच आहे, मी आयुष्यात हजारो भरले असतील. लोखंडाच्या तुकड्यासाठी पाच वेळा. माझ्या मुलीसाठी एकदाही नाही. सात वर्षं दर शनिवारी मी तिला हाताला धरून तिच्या त्रासात नेऊन सोडत होतो आणि दुपारी घड्याळ लावून तो त्रास मोजत होतो. "सवय होईल" हे वाक्य मला सांगणाऱ्या प्रत्येकाला आज जाब विचारावासा वाटतो. भाजलेल्या जागेवर रोज चटका दिला तर कातडीला सवय होते का? होत नाही. माणूस फक्त ओरडायचं थांबतो.

वहीत तुम्ही एक रकाना वाढवायला लावलात: आधीच्या चार तासांत काय काय झालं. मंडई बंद केली. तुमच्याकडच्या दुसऱ्या वर्षात पूर्ण वर्षभरात चार नोंदी आहेत. विनाकारण एकही नाही.

हे मी तुमच्याशी बोललो नाही कधी. "धन्यवाद आक्का" असं दिवाळीला मिठाईचा पुडा देताना म्हणायचो, तुम्ही पुडा वंदनाच्या हातात द्यायचात आणि विषय संपायचा. त्या चार नोंदींचं पान तुम्हाला दाखवायचं होतं. दाखवू, म्हणून राहिलं.

कोपऱ्यातल्या स्टुलाचंही बोलायचं राहिलं. खोक्यांच्या मागे तुम्ही एक निळं स्टूल ठेवलंत आणि सांगितलंत की जिला नको होईल तिने पंधरा मिनिटं जाऊन बसायचं, कुणाला विचारायचं नाही. बाकीच्या बायका कुजबुजल्या. "राणीसाहेबांचं सिंहासन आलं बघा." तुम्ही ऐकलंत. "तुमी बी बसा की. पगार न्हाई कापत." पहिले तीन दिवस तिथे कुणी गेलं नाही. चौथ्या दिवशी नसीम गेली, तिचं डोकं दुखत होतं. त्यानंतर ते स्टूल सगळ्यांचं झालं आणि ऋतू वेगळी उरली नाही. माझ्या आठ पानांत मी तिच्यासाठी वेगळी खोली मागितली होती.

दवाखान्यातलं लिहिणं भाग आहे.

सोमवारी दुपारी चारला मला आत सोडलं, चार मिनिटं. तुमच्या उशाशी यंत्र होतं, दर सेकंदाला वाजत होतं. पलीकडच्या खाटेचं वेगळ्या तालात. वर पांढरे झगझगीत दिवे. तुमचे डोळे मिटलेले होते, तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, "त्ये टिंगटिंग बंद करा की हो." मी सिस्टरना विचारलं, निदान आवाज कमी होईल का. त्या म्हणाल्या, "काका, नियम आहे." मी म्हणालो, "पडद्यावर दिसतंय ना सगळं?" त्या म्हणाल्या, "वेळ संपली तुमची."

मी बाहेर आलो. मी भांडायला हवं होतं. तुम्ही एका अनोळखी मुलीसाठी पहिल्याच दिवशी रेडिओ बंद केलात, मला तुमच्यासाठी एक आवाज कमी करून घेता आला नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. त्या आवाजातच गेलात असणार.

तुम्ही कागद करत नव्हतात, पण एक गोष्ट रोज लिहायचात. चौथीपर्यंतच्या तुमच्या अक्षरात, दाराजवळच्या काळ्या पाटीवर, संध्याकाळी निघताना उद्याचं काम. वार, रिंगेचा नंबर, दिवा कधी लागणार, कुणी नवीन येणार असेल तर त्याचं नाव. ऋतू ती पाटी वाचल्याशिवाय शेड सोडायची नाही. उद्या काय आहे हे माहीत असलं की ती शांत झोपायची. शनिवारी तुम्ही लिहिलं होतं: सोमवार. काळ्या रिंगा, बावीस नंबर. दिवा १२.५५.

रविवारी तुम्हाला दवाखान्यात नेलं. सोमवारी सकाळी ऋतू डबा घेऊन दारात तयार. मी सांगितलं, आज शेड बंद आहे. ती म्हणाली, "पाटीवर सोमवार लिहिलंय." दिवसभर डबा मांडीवर घेऊन बसली. मंगळवारी संध्याकाळी तिच्या आईने तिला जवळ बसवून, हळू आवाजात, सरळ सांगितलं: आक्का वारल्या. आता त्या परत येणार नाहीत. आम्ही 'देवाघरी गेल्या' वगैरे म्हणत नाही, म्हटलं तर ऋतू विचारते, मग परत कधी येणार.

ती म्हणाली, "पाटीवर लिहिलं नव्हतं."



त्यानंतर रोज तिचा एकच प्रश्न. आक्का नाहीत, तर मी कामाला जायचं का? कोण सांगणार? मी संतोषला विचारलं. तो वाईट मुलगा नाही. जमिनीचे व्यवहार करतो, रबराच्या धंद्यात त्याला रस नाही, पण म्हणाला, "काका, सहा महिने चालू ठेवतो, पुढचं पुढं बघू. तेरावं झालं की सोमवारी उघडू." मी ऋतूला सांगितलं. ती म्हणाली, आधी शेड बघायची. म्हणून तिला शोकसभेला नेलं. तिला तिथे परत पाऊल टाकता येतं की नाही, यावर सगळं होतं. आत गेली तर काम, काम असलं तर झोप, जेवण, बोलणं. नाही तर ती आणि मी आणि माझी वही.

तेरावं, रविवार, दुपारी चार. कान झाकायचे हेडफोन तिने हातात घेतले होते, कानावर लावले नव्हते. तुमच्या शेडमध्ये ते कधी लागलेच नाहीत.

दारात तुमचा फ्लेक्स. आत पन्नासेक माणसं, आणि तुमच्या फोटोच्या दोन्ही बाजूंना माझ्या खांद्याएवढे उंच दोन काळे बॉक्स. तेव्हा मला ती चिठ्ठीतली ओळ दिसली. तिथे उभ्या उभ्या, आठवडाभर उशिरा. मी संतोषकडे जायला वळलो. तेवढ्यात साउंडवाल्याने माइक उचलला. "हॅलो, चेक." बॉक्समधून शिट्टीसारखी किंकाळी निघाली, पत्र्याच्या छतावर आपटून परत आली. मोठ्या माणसांनीही कानांवर हात नेले.

ऋतू खाली पडल्यासारखी बसली. पॅकिंगच्या टेबलाच्या पायावर डोकं आपटायला लागली.

मी घड्याळ बघितलं. चार वाजून सात मिनिटं. आक्का, मी खरंच आधी घड्याळ बघितलं.

आणि मग लोक धावले. "फिट आली! कांदा फोडा!" "चप्पल लावा नाकाला." एक बाई म्हणाली, "अंगात आलं हो, कुंकू आना." दुसरीने ऋतूला मिठीत आवळलं, "लै जीव व्हता पोरीचा आक्कावर, रडू दे तिला," आणि ती मिठीतून सुटायला जितकी धडपडत होती तितकी ती बाई तिला घट्ट धरत होती. एक पुढारी बोलायला आले होते, ते माइकवरून सांगत होते, "शांतता राखा, शांतता राखा." माइकवरून! वाईट कुणीच नव्हतं तिथे. एकही माणूस वाईट नव्हता, आणि सगळे मिळून माझ्या मुलीला मारत होते.

एकदम सगळं बंद झालं. पंखे, दिवे, माइक. नसीमने मेन स्विच खाली ओढला होता.

ती अर्धवट अंधारात येऊन उभी राहिली आणि हळू बोलली. पन्नास माणसांसमोर इतक्या हळू बोलायचं धाडस मी कुणाचं पाहिलं नाही. "चला, बाहेर. सगळे. मावशी, सोडा तिला. हात नका लावू." पुढाऱ्यांना म्हणाली, "भाई, तुम्ही पण."

"अहो बाई, मी दोन शब्द…"

"बाहेर बोला दोन शब्द. हळू बोला."

ते गेले. शटर अर्धं खाली आलं. वंदनाने रिकामी खोकी उचलून टेबलाभोवती एकावर एक लावली, आवाज न करता, जणू रोज लावते. कुणी ऋतूला समजावलं नाही, कुणी तिचं नाव घेतलं नाही. वंदना तिच्याकडे पाठ करून बसली. नसीम शटरपाशी. मला तिने खुणेनं खाली बसवलं. बावीस मिनिटं. आतून आधी आपटणं थांबलं, मग ओरडणं. मग ती गुणगुणायला लागली, एकाच सुरात.

माझा राग त्या बावीस मिनिटांत कमी झाला असं मी लिहिणार नाही. झाला नाही. पण एवढं दिसलं की तुम्ही कागद न करता काय केलं होतंत.

तरीही वाद तुम्ही जिंकलात असं मी म्हणत नाही. नसीमला उद्या कुठे दोन हजार जास्त मिळाले तर ती जाईल, आणि तिने जावंही. मग मेन स्विच कोण ओढणार? म्हणून तिथेच बसून मी खिशातल्या वहीत लिहायला घेतलं. दिवा, पाटी, स्टूल, ट्यूबलाइट, मागून हाक मारायची नाही. असे अकरा मुद्दे झाले. नसीमला दाखवलं. ती कुजबुजली, "बांगड्या राहिल्या."

"कसल्या बांगड्या?"

तिने सांगितलं. सहा वर्षं, शेडच्या दारात शिरताना तुम्ही हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवून डब्याच्या पिशवीत ठेवायचात, कारण रिंगा निवडताना त्या किणकिणायच्या आणि ऋतूचा हात थांबायचा. संध्याकाळी निघताना परत भरायचात. नवरा घरात धडधाकट असताना बाई मोकळ्या हाताने बसते म्हणून गावातल्या बायकांनी तुम्हाला काय काय ऐकवलं, तेही सांगितलं. तुम्ही त्यांना म्हणायचात, "हात मोकळा ऱ्हायला की काम सुदरतं."

सहा वर्षं मी तुम्हाला बघत होतो. तुमचे हात मी कधी बघितले नाहीत. बारावा मुद्दा लिहिला. कागद केला नसता तर तो मला कधी कळला नसता, आणि तुम्ही कागदावर चालला असतात तर तो घडलाच नसता. घ्या. आता यावर तुम्ही काहीतरी म्हणायला हवं होतं.

चार वाजून एकोणतीस मिनिटांनी ऋतू खोक्यांमधून बाहेर आली. कपाळाला टेंगूळ होतं. ती तुमच्या फोटोकडे गेली नाही, पाटीकडे गेली. पाटीवर तुमचंच अक्षर होतं, पंधरा दिवस कुणी पुसलं नव्हतं. सोमवार. काळ्या रिंगा, बावीस नंबर. दिवा १२.५५.

"उद्या सोमवार," ती म्हणाली.

"हो," वंदना म्हणाली. "उद्या हेच काम आहे."

"आक्का नाहीत, ते लिहा."

वंदनाने माझ्याकडे बघितलं. "राहू दे ना गं," ती म्हणाली.

"लिहा," ऋतू म्हणाली. "नाहीतर मी वाट बघेन."

वंदनाने तुमच्या ओळींना धक्का न लावता खाली लिहिलं: आक्का नाहीत. ऋतूने ते दोनदा वाचलं. मग निळ्या स्टुलावर जाऊन बसली, पंधरा मिनिटं. शोकसभा बाहेर मांडवात झाली, माइकशिवाय. लोकांना खुर्च्या जवळ ओढाव्या लागल्या.

सोमवारी ती आठ वीसला डबा घेऊन निघाली.

हिशोब राहिला. रविवारी संध्याकाळी साउंडवाला बॉक्स टेम्पोत चढवत होता. संतोष त्याला म्हणाला, "भावा, अर्धा मिनिट वाजलं. कसले पैसे?" तो म्हणाला, "दादा, टेम्पो आला, मानूस आला. वाजिवलं न्हाई म्हनून भाडं चुकतंय व्हय?" बरोबर होतं त्याचं. ती ओळ मी वाचायला हवी होती, म्हणून पैसे मी दिले. संतोष निम्मे देतो म्हणाला, मी घेतले नाहीत. पावती मागितली. त्याने खोक्यावर पुस्तक टेकवून विचारलं, "कशाचे लिवू?" मी सांगितलं. तो हसला, "अशी पावती पैल्यांदाच फाडतोय, साहेब." पण लिहिलं.

दिले: रोख चार हजार पाचशे रुपये, पूर्ण. कुणाला: साउंडवाल्याला. कशाबद्दल: साउंड बंद ठेवल्याबद्दल.